जवळ कोण असावं, हा प्रश्न

त्या वर्षी जयंतीचा कार्यक्रम बहारीनच्या माहूज भागात, आमच्यातल्याच एका इंजिनिअरच्या फ्लॅटवर झाला. हॉल घ्यायचा म्हणजे परवानगीची खटपट. म्हणून विदर्भ-मराठवाड्याकडची आम्ही बौद्ध कुटुंबं ज्याचा दिवाणखाना मोठा त्याच्याकडे शुक्रवारी जमत असू. सोफे बाल्कनीत ढकलायचे, चटया अंथरायच्या, वंदना व्हायची, मग इंग्रजी शाळेत जाणारी आमची पोरं पाठ केलेली भाषणं इंग्रजीतूनच म्हणून दाखवायची आणि शेवटी जेवणं.

पंगतीत भात वाढणारा एक गृहस्थ होता. परभणीकडचा, एसी दुरुस्तीचं काम करणारा, पस्तिशीच्या आसपासचा. दरवर्षी यायचा, न सांगता कामाला लागायचा आणि फारसं कुणाशी न बोलता निघून जायचा. त्या दिवशी मी हात धुवायला गेले तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता.

"ताई, तुम्ही हॉस्पिटलात आहात ना? थोडं बोलायचं होतं. इथं नको."

आम्ही खाली गाड्या लावतात तिथं जाऊन उभे राहिलो. मी मनामातल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्सिंग ट्यूटर होते. नव्याने आलेल्या नर्सेसना वॉर्डची पद्धत शिकवायची, जुन्यांचे उजळणीचे वर्ग घ्यायचे, हे माझं काम. मला वाटलं, कुणाला नोकरी लावायची असेल. तो म्हणाला, "माझा रूममेट तुमच्याकडं ॲडमिट होता. कावीळ झाली होती. अर्धवट सोडून, सही करून घरी आला. आता पुन्हा पोट फुगलंय, पाय सुजलेत. मी म्हणलो चल, तर म्हणतो मरीन पण तिथं जाणार नाही."

"असं काय झालं तिथं?"

त्याने जे सांगितलं ते त्याला सलग सांगता येत नव्हतं. रूममेट रत्नागिरीकडचा, मुसलमान, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंगच्या ऑफिसात क्लार्क. बरीच वर्षं दोघे एकाच फ्लॅटमध्ये राहत होते. ॲडमिट झाल्यावर हा रोज ड्युटी संपली की जायचा, त्याचे पाय चेपायचा, घरची पेज भरवायचा. दोन-तीन दिवसांत वॉर्डात कुजबूज सुरू झाली. रक्तात काविळीचा विषाणू निघाला होता. तो बी प्रकारचा विषाणू आईकडून बाळाला जातो, नीट न उकळलेल्या सुईतून जातो, कितीतरी घरांत असतो. पण वॉर्डाने आपला अर्थ लावून टाकला. नर्सेस औषध टेबलाच्या कडेला ठेवून निघून जायच्या. जेवणाचा ट्रे आणणारा माणूस तो दारातच जमिनीवर ठेवायचा. एका नर्सने याला विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" हा म्हणाला, "रूममेट." तिने शेजारच्या नर्सकडे बघितलं आणि दोघी हसल्या.

"आणि एक दिवस," तो म्हणाला, "मी त्याच्याजवळच्या खुर्चीवरून उठलो, तर सफाईवाल्याला बोलावून ती खुर्ची फिनेलने पुसून घेतली. मी अजून दारातच होतो ताई. त्यानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सही केली आणि आला घरी."

मी विचारलं, "तुमचे ते कोण?"

तो समोरच्या गाड्यांकडे बघत राहिला. "रूममेट," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "नाही ताई. रूममेट नाही."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काही म्हणायची गरज नव्हती. बहारीनला येण्याआधी मी मुंबईत महापालिकेच्या एका हॉस्पिटलात, गुप्तरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात काम केलं होतं. तिथं अशी माणसं रोज यायची. लग्न झालेली, न झालेली, टाय लावलेली, हमाली करणारी. आमचे एक वयस्कर डॉक्टर त्यांच्याशी ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात डीनशीही बोलायचे. मी माझं काम त्यांच्या शेजारी उभं राहून शिकले होते. त्यामुळे मला दचकायला झालं नाही. राग मात्र आला, आणि तो आमच्या वॉर्डाचा आला.

"मी त्यांना बघायला घरी आले तर चालेल?" मी विचारलं. त्याने मान हलवली आणि वर भात वाढायला निघून गेला.

त्यांचा फ्लॅट तिथून जवळच होता. दुसऱ्या मजल्यावर, लहान पण लख्ख. रत्नागिरीचे ते गृहस्थ पलंगावर उशांना टेकून बसले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, हात काटकुळे आणि पोट पुढे आलेलं. मला बघून त्यांनी आधी चादर सारखी केली. मी पलंगाच्या कडेवर बसले, नाडी बघितली, पायावर अंगठा दाबून सूज किती आहे ते पाहिलं. ते माझ्या हाताकडेच बघत होते.

"बाय, ग्लोव्हज नाय घातलेत?"

"नाडी बघायला ग्लोव्हज कशाला?"

ते हसले. मग हळूहळू बोलायला लागले. आजाराचं नव्हे, त्या खुर्चीचंच. "मला काय बोलले असते तर मी सोसलं असतं. लहानपणापासून ऐकतोय. पण तो दिवसभर उन्हात गच्चीवर एसी दुरुस्त करून येतो, अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून माझ्याकडे येतो. आणि त्याची खुर्ची पुसतात. ते मला नाय बघवलं."

मी त्यांना समजावलं की उपचार सोडले तर दुखणं हाताबाहेर जाईल. ते म्हणाले, "तुमच्या बायकांना माणसासारखं वागायला शिकवा. मग मी येतो." बोलणं चेष्टेचं होतं, पण मी ते चेष्टेवर घेतलं नाही. माझं कामच शिकवण्याचं होतं.

आमच्या नर्सिंग विभागाच्या प्रमुख बहारीनीच होत्या, अरादच्या. पन्नाशीच्या, पाचही वेळा नमाज पढणाऱ्या, वॉर्डातून चालल्या की टाचांच्या आवाजाने लोक सावध होत. त्यांच्या केबिनमध्ये मी दार लावून घेतलं आणि झालेला प्रकार सांगितला. माणसाचं नाव सांगितलं नाही. काय शिकवायचं आहे ते सांगितलं: वॉर्डात येणाऱ्या अशा पुरुषांशी कसं बोलायचं, कसं हाताळायचं, त्यांच्या जवळच्या माणसाला कसं वागवायचं.

त्या बराच वेळ पेन फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला ठाऊक आहे ना, आपण कुठं आहोत?"

"ठाऊक आहे मॅडम. माझ्या देशातही हे मोठ्यानं बोलता येत नाही."

"माझा धर्म याला काय म्हणतो तेही तुला ठाऊक असेल."

"हो."

"तो माणूस देवापुढे काय जबाब देईल ते त्याचं त्यानं बघावं. माझ्या वॉर्डात पेशंटचा ट्रे जमिनीवर ठेवला, त्याचा जबाब मला द्यावा लागणार आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "वर्ग घे. टाइमटेबलवर ‘रुग्णाशी संवाद’ एवढंच लिही. वर्गात जे बोलायचं ते बोल, पण कुणाचं नाव बाहेर जाता कामा नये. गेलं तर त्याची नोकरी जाईल, व्हिसा जाईल, आणि तुझाही. मी तुला वाचवू शकणार नाही."

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो जहाजं दुरुस्त करायच्या ड्रायडॉकमध्ये फोरमन होता, स्वभावाने सरळ, पण परदेशात आपण भलं नि आपलं काम भलं असं मानणारा. जेवता जेवता थांबला. "तुले कायले पाहिजे हे? पोरीची शाळा चालू आहे. उद्या कोणी बोट दाखवलं तं सगळ्याइले विमानात बसवतील."

"त्या परभणीच्या माणसाची खुर्ची फिनेलने पुसली," मी म्हणाले. "तो बसला होता म्हणून."

नवऱ्याने ताटातला घास तसाच ठेवला. आम्ही दोघंही अकोल्याकडच्या खेड्यांतून आलेलो. बसलेली जागा मागून धुतली जाणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. त्याला ते पटलं असं मात्र नाही. पुढे कितीतरी दिवस माझ्या वर्गाचा विषय निघाला की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

वर्ग लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत, सकाळची शिफ्ट सुटल्यावर व्हायचा. खालून इस्त्रीची वाफ यायची, नर्सेस थकलेल्या असायच्या. बऱ्याचशा केरळच्या, काही फिलिपिनो, काही बहारीनी मुली आणि मागच्या रांगेत बसणारे मोजकेच पुरुष नर्स. हिंदी आणि इंग्रजीची मिसळ करून मी बोलायचे. पहिल्या दिवशी मी विषय सांगितला तेव्हा खोलीत हसू फुटलं. हसू अपेक्षित होतं. मग कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

मी भाषण दिलंच नाही. एकीला कॉटवर झोपवलं. दुसरीला सांगितलं, ग्लोव्हज घालून दारात उभी राहा आणि तिथूनच तिला विचार, ताप आहे का, संडासला झाली का. बाकीच्यांना सांगितलं, कोपऱ्यात उभं राहून आपसांत हळू बोला आणि अधूनमधून तिच्याकडे बघा. काय बोलता ते महत्त्वाचं नाही, घरच्या भाजीचंच बोला. थोड्याच वेळात कॉटवरची मुलगी उठून बसली. "बस झालं सिस्टर," म्हणाली. ती फिलिपिनो होती, एरवी सारखी गाणी गुणगुणणारी. तिचे कान लाल झाले होते.

मग आम्ही साध्या गोष्टींवर आलो. ग्लोव्हज कधी घालायचे, कधी नाही. रक्त असेल, जखम असेल तर घालायचे, आणि ते सगळ्यांसाठीच. चहाचा कप हातात देताना नाही. प्रश्न विचारण्याआधी पडदा ओढायचा. शेजारच्या कॉटला ऐकू जाईल असं काही विचारायचं नाही. वॉर्डातलं बोलणं मेसमध्ये न्यायचं नाही. आणि "बायको कुठे आहे, लग्न का नाही केलं," असं विचारण्याऐवजी एक वेगळा प्रश्न मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला: आजारपणात तुमच्या जवळ कोण असावं असं तुम्हाला वाटतं?

एका मुलीने हात वर केला. "सिस्टर, पण हा माणूस तसा आहे हे ओळखायचं कसं?"

"ओळखायचंच नाही," मी म्हणाले. "हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा. शेखाला विचारा, ड्रायव्हरला विचारा. मग कुणाला वेगळं काढावंच लागणार नाही."

पुढच्याच रांगेत पुरुषांच्या मेडिकल वॉर्डची इन्चार्ज बसायची. केरळची, वयाने माझ्याएवढी, कामाला अत्यंत चोख आणि दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, न चुकता चर्चला जाणारी. ती कधी हसली नव्हती, पण वहीही उघडत नव्हती. शेवटी एक दिवस म्हणाली, "माझ्या श्रद्धेत हे पाप आहे. तुम्ही मला ते पाप नाही असं म्हणायला सांगताय."

"मी तुम्हाला काहीच म्हणायला सांगत नाही. हात लावायला सांगतेय."

"मनात एक आणि हातात एक, असं कसं करू?"

तिचा प्रश्न प्रामाणिक होता. त्याला पुस्तकातलं उत्तर चाललं नसतं. म्हणून मी त्या खोलीत माझ्या आईची गोष्ट सांगितली, जी मी बहारीनमध्ये कुणालाच सांगितली नव्हती.

माझ्या वेळी आई अडली होती. बैलगाडीने तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली नर्सबाई वरच्या जातीची होती. तिने आईला व्हरांड्यात ठेवलं आणि उंबऱ्याच्या आत उभं राहून आजीला सांगत राहिली: आता असं कर, आता पोट दाब, आता पाय धर. तिला सगळं येत होतं, सांगणंही बरोबर होतं. फक्त तिने आईला हात लावला नाही. मी जगले, आईही जगली, पण आईला आतून जी इजा झाली ती तिच्यासोबतच गेली. त्या बाईंच्या मनातही श्रद्धाच होती, मी म्हणाले. ती त्यांनी मनात ठेवायला माझी हरकत नव्हती. त्यांनी उंबरा ओलांडायला हवा होता.

खाली लॉन्ड्रीतलं मशीन फिरत होतं. इन्चार्ज माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर मी परभणीच्या त्या दादांना विचारलं, तुम्ही वर्गात येऊन बोलाल का? विचारताना मलाच धास्ती वाटत होती. प्रमुखबाईंना मी आधी विचारलं होतं. त्यांनी अट घातली की तो ‘एका पेशंटची काळजी घेणारा’ म्हणूनच येईल, बाकी काही कुणी विचारायचं नाही. दादांच्या घरी यावर दोन-चार दिवस बोलणं झालं असावं. मग दादांचा फोन आला. "तो म्हणतो, तू जा. मला बोलता आलं असतं तर मीच गेलो असतो."

दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबलामागे बसायला दिलं तर उभेच राहिले. हिंदीतून बोलले, थांबत थांबत. आधी पेशंटला काय आवडतं ते सांगितलं: पेजेत मीठ कमी, उशी मानेखाली नाही तर खांद्याखाली, दिवा पूर्ण बंद केलेला चालत नाही. "हे सगळं मला माहीत होतं," ते म्हणाले. "पण इथं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुमचंही काम सोपं झालं असतं." मग त्यांनी खुर्चीचं सांगितलं. कुणाकडे बोट दाखवलं नाही, वॉर्डचं नाव घेतलं नाही. "मी रोज बसायला खुर्ची मागितली नव्हती. होती म्हणून बसलो. तुम्ही सांगितलं असतं, उभा राहा, तर मी उभा राहिलो असतो. त्याच्यासमोर पुसायला नको होती."

बोलणं संपल्यावर त्यांनी घड्याळाकडे बघितलं, "ड्युटी है," म्हणून नमस्कार केला आणि गेले. खोली रिकामी झाली तरी इन्चार्ज बसून होती. मी फळा पुसत होते.

"ती खुर्ची मी पुसायला लावली होती," ती म्हणाली.

मी डस्टर खाली ठेवलं.

"मला वाटलं, इन्फेक्शन कंट्रोल. म्हणजे, मी स्वतःला तेच सांगितलं." ती उठली. "मला अजूनही ते पाप वाटतं सिस्टर. पण त्या पेशंटला माझ्याच वॉर्डात पाठवा."

तो आला, पण उशिरा आला. थंडीचे दिवस होते. एका सकाळी रक्ताची उलटी झाली आणि दादा त्याला टॅक्सीत घालून घेऊन आले. यकृत पार कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार काही उरलेलं नाही. मी वॉर्डात पोचले तेव्हा इन्चार्जने पडदा ओढला होता. ती त्याच्या डोक्याशी वाकून उभी होती, ओल्या कापडाने त्याच्या तोंडाभोवतीचं रक्त टिपत होती. हातात ग्लोव्हज होते, रक्त होतं म्हणून. ते काढून, हात धुऊन ती परत आली आणि त्याचा हात हातात घेऊन तिने हिंदीत विचारलं, "आपके पास कौन रहे, आपको क्या लगता है?"

त्याने डोळे उघडले. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. बोट उचलून पडद्याकडे दाखवलं. दादा पडद्याबाहेर उभे होते. इन्चार्ज बाहेर गेली, त्यांना आत घेऊन आली आणि खुर्ची तिने स्वतः ओढून कॉटला लावली.

पुढच्या पंधरवड्यात सगळंच बदललं असं नाही. जेवणाचा ट्रे आता टेबलावर यायचा. एक नर्स मात्र त्या कॉटची ड्युटी लागली की रजा टाकायची, पुढे तिने वॉर्ड बदलून घेतला. एक डॉक्टर राउंडला आले की दादांना बाहेर जायला सांगत. इन्चार्ज त्यांना परत बोलवायची. पेशंटला कधी शुद्ध असायची, कधी नसायची. शुद्धीवर असला की आमची थट्टा करायचा. एकदा मला म्हणाला, "बाय, तुझा वर्ग बरा झाला. पण फी माझ्याकडून घेतलीस." हसताना त्याला दम लागला. मला हसता आलं नाही.

पेशंटच्या ऑफिसच्या मालकाने व्हिसा काढून त्याच्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. आम्हाला सगळ्यांनाच याची धास्ती होती. भाऊ आला, दाढीवाला, दमलेला, हातात गावाहून आणलेली कोकमाची पिशवी. कॉटजवळ आला तेव्हा दादा चमच्याने पाणी पाजत होते. दादा झटकन उठून भिंतीला लागले. भावाने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि इन्चार्जला विचारलं, "हा कोण?"

इन्चार्जने एका क्षणाचीही वाट पाहिली नाही. "हे यांची काळजी घेतात. इतकी वर्षं यांनीच घेतलीय. औषध, खाणं, झोप, सगळं यांनाच माहीत आहे. तुम्हाला काही विचारायचं असेल तर यांना विचारा."

तिने खोटं काही सांगितलं नाही, आणि सांगायचं नव्हतं तेही सांगितलं नाही.

भाऊ मुक्कामाला त्या दोघांच्या माहूजच्या फ्लॅटमध्येच राहिला. तिथं त्याने काय पाहिलं, काय ताडलं, ते कुणाला कळलं नाही. सुरुवातीला तो दादांशी बोलायचाच नाही. मग एका दुपारी मी गेले तर दोघे कॉटच्या दोन बाजूंना बसले होते आणि दादा त्याला उशी खांद्याखाली कशी सरकवायची ते दाखवत होते. भाऊ मला म्हणाला, "मी ह्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. पण ह्याला झोप कशी लागते ते मला नाय ठाऊक." त्याने दादांकडे बोट केलं. "ह्याला ठाऊक."

पेशंट एका दुपारी, नमाजानंतर गेला. भाऊ कानाशी कलमा म्हणत होता, दादांनी पायांवर हात ठेवला होता. इन्चार्जने नळ्या काढल्या, डोळे मिटवले. मग ती बाहेर गेली आणि पडद्याच्या फटी नीट लावून घेतल्या, म्हणजे ती दोन माणसं आत हवा तेवढा वेळ बसू शकतील. बाहेर कुणीतरी कॉट रिकामी कधी होणार म्हणून विचारायला आलं होतं. "थोडं थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज मला ऐकू आला. मी औषधांच्या खोलीत जाऊन तोंड धुतलं.

दफन मनामातच झालं. आम्ही बायका कबरस्तानात गेलो नाही, तिथलं दादांनी नंतर सांगितलं. ते लांब, फाटकाजवळ उभे राहिले होते. आपण दुसऱ्या धर्माचे, आपलं तिथं काय काम, असं त्यांना वाटलं. नमाज झाला, मयत खाली उतरवली, लोक माती द्यायला लागले. भाऊ गर्दीतून मागे वळला, फाटकापर्यंत चालत आला आणि म्हणाला, "चल. तू पण माती दे." बस एवढंच. पुढे दोन दिवसांनी तो कोकणात परत गेला. जाताना कपडे घेऊन गेला आणि फ्लॅटमधली भांडीकुंडी, चादरी, सगळं दादांकडे राहू दिलं.

वर्ग चालूच राहिला. प्रमुखबाई एकदा न सांगता येऊन मागे बसल्या, शेवटपर्यंत ऐकलं आणि उठताना म्हणाल्या, "यल्ला, चला तर, सर्जिकलच्या मुलींनाही पाठवते." टाइमटेबलवर तोच साधा मथळा राहिला. माझी रजा असली की इन्चार्ज वर्ग घ्यायची. तिची पद्धत माझ्याहून कडक होती, ती आईबिईच्या गोष्टी सांगत नसे, सरळ कॉटवर झोपायला लावायची. या वर्गाचा किती जणांना उपयोग झाला ते मला सांगता येणार नाही. ज्यांना झाला असेल ती माणसं सांगायला येणारी नव्हती.

दादा जनाबियातल्या बंगल्यांच्या एका कंपाउंडमध्ये देखभालीच्या नोकरीला लागले. तिथंच राहायला खोली मिळाली, म्हणून माहूजचा फ्लॅट सोडला. सुटीच्या दिवशी कधी कधी आमच्याकडे जेवायला यायचे. पहिल्यांदा त्यांना बोलावलं ते माझ्या नवऱ्याने. मला न विचारता फोन केला होता आणि बाजारातून वांगीही घेऊन आला होता.

अशाच एका जेवणाला अकोल्याहून मुलाकडे आलेले आमच्या ओळखीचे एक वयस्कर काका होते. वयाने मोठी माणसं विचारतात तसं त्यांनी विचारलं, "काय हो, तुम्ही लग्न नाही केलं?"

माझा हात पातेल्यातच थांबला. दादांनी घास गिळला आणि शांतपणे म्हणाले, "माझं माणूस गेलं काका. मागच्या थंडीत."

"अरेरे," काका म्हणाले. "आजारी होतं?"

"हो. लिव्हरचं दुखणं."

"सेवा घडली ना तुमच्या हातून?"

"घडली," दादा म्हणाले.

काकांनी मान हलवली आणि ते पुन्हा जेवायला लागले. नवरा उठला आणि आतून गरम भाकरी आणून त्याने ती दादांच्या ताटात वाढली.